तक्त्याखालच्या चार ओळी

रेल्वे स्टेशनवरच्या वजनकाट्याची दहा तिकिटे माझ्याजवळ आहेत. जाड पुठ्ठ्याची, बसच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी. एका बाजूला वजनाचा आकडा, दुसऱ्या बाजूला भविष्याची एक ओळ. पहिल्या तिकिटावर अडुसष्ट किलो आहेत, शेवटच्यावर बावन्न. मधली आठ क्रमाने उतरत जातात. प्रत्येकावर महिना मी पेन्सिलीने लिहिलेला आहे. ही सगळी माझ्या वहिनीच्या वजनाची तिकिटे आहेत.

सत्तरचे दशक अर्ध्यावर आले होते. मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. आमचे घर कसबा बावड्यात, दोन खोल्या आणि पुढे पडवी. घरात तीन माणसे: दादा, वहिनी आणि मी. दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, गूळबाजारात तोलाईदार, म्हणजे काट्यावर गूळ तोलून वजन सांगणारा. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि त्याच वर्षी वहिनी घरात आली. तिचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते. तिने माझे तीसपर्यंतचे पाढे पाठ करून घेतले, शाळेचा डबा दिला आणि टायफॉइडमध्ये एकवीस दिवस उशाशी बसली. त्यांना मूल झाले नाही. हे सगळे सांगायचे कारण एवढेच, की पुढे जे झाले ते कुणा परक्याच्या बाबतीत झालेले नाही.

त्या चैत्रात आम्ही जोतिबाला गेलो. वहिनी चढावर तीनदा बसली. चौथ्यांदा बसली तेव्हा दादा वरच्या पायरीवरून म्हणाला, "पालखी निघाय आली आणि आमचं सव्वादोन रवं अजून हितंच."

रवा म्हणजे गुळाची ढेप. दादाच्या बाजारात ती तीस किलोची असे आणि माणसांची वजनेही तो रव्यांतच सांगे. मी दीड रवा होतो. शेजारचा दूधवाला तीन. वहिनी सव्वादोन, हा त्याचा नजरेचा अंदाज, आणि तो जवळजवळ बरोबर निघाला.

वहिनी हसली. आजूबाजूच्या बायकाही हसल्या. पण घरी आल्यावर भाकऱ्या थापता थापता तिने मला विचारले, "भावजी, माणसाचं वजन किती असावं, ह्याचं काय माप आस्तंय का? का ज्याला जेवढं वाटंल तेवढं?"

"असतं. उंचीवर असतं."

"मग ते बघून सांगा की."

कचेरीतल्या माझ्या खणात एका विमा एजंटाने ठेवून दिलेली इंग्रजी पुस्तिका होती. तिच्यात उंची आणि वजनाचा तक्ता होता. विमा उतरवायला आलेल्या माणसाचे वजन प्रमाणात आहे की नाही, हे त्यावरून बघत. रविवारच्या पुरवणीतले आरोग्याचे सदर त्या वेळी माझ्याकडे होते आणि दर आठवड्याला त्याला मजकूर लागत असे. मी तक्ता मराठीत करायला घेतला. उंची फूट-इंचांतच ठेवली, कारण लोकांना तीच कळायची. वजने पौंडांतून किलोंमध्ये आणली. मूळ तक्त्यात बारीक, मध्यम आणि दणकट हाडापेराच्या माणसांसाठी वेगवेगळे रकाने होते. तेवढ्यांना पुरवणीत जागा नव्हती, म्हणून मध्यम ठेवून बाकीचे काढले. प्रत्येक आकडा तीनदा तपासला. आजही तो तक्ता कुणी तपासला, तर त्यात एकही चूक सापडणार नाही.

पुस्तिकेतल्या तक्त्याखाली बारीक टायपात एक टीप होती. तीही मी मराठीत केली. तिच्या चार ओळी झाल्या: "हा तक्ता निरोगी माणसांसाठी आहे. खाणे कमी केलेले नसताना, श्रम वाढलेले नसताना वजन सारखे उतरत असेल, तर ते या तक्त्यात बसत असले तरी प्रकृती ठीक आहे असे समजू नये. विशेषतः तहान आणि भूक वाढली असेल, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे."

शनिवारी संध्याकाळी पुरवणीचे पान बांधायला घेतले होते. त्या वेळी छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, हाताने जुळवत. अक्षय्य तृतीया जवळ आली होती आणि भांड्यांच्या एका दुकानाची जाहिरात ऐन वेळी आली. ती माझ्याच पानावर, तक्त्याच्या खाली लागली. फोरमन दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, तुमच्या चार ओळी सांडाल्यात."

"खालून काढा."

"बघणार न्हाय एकदा?"

"मीच लिहिलंय."

वर्तमानपत्रात मजकूर खालून कापतात. महत्त्वाचे वर, कमी महत्त्वाचे खाली, अशा रीतीनेच बातमी लिहायची, म्हणजे जागा कमी पडली तर शेपूट तोडता येते. कामावर लागल्यावर पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. टीप मी खाली ठेवली होती, कारण मूळ पुस्तिकेत ती खाली होती. फोरमनने चिमट्याने ओळी उचलल्या आणि खिळे परत अक्षरांच्या पेटीतल्या घरांत टाकले. या सगळ्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. आधी काढलेले प्रूफ, ज्यावर त्या ओळी होत्या, माझ्या टेबलावर होते. मी ते घडी करून खणात टाकले.

रविवारी सकाळी वहिनीने तक्ता कात्रीने कापला आणि खळ लावून फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. दादाने तिला चौकटीला टेकून उभे केले, डोक्यावर पट्टी धरली आणि खूण केली. पाच फूट. पाच फुटांच्या ओळीत शेहेचाळीस ते चोपन्न किलो होते. त्या ओळीखाली मी कचेरीतल्या लाल पेन्सिलीने रेघ ओढली.

"आता वजन बघाय पायजे," दादा म्हणाला. "चल उद्या बाजारात. मोठ्या काट्यावर उभी कर्तो. ग्रॅमपत्तूर सांगतो."

"गुळाच्या काट्यावर? मी काय ढेप हाय? सगळा बाजार बघत बसंल."

"बघंल की. बोली बी लावंल."

"तुम्ही जावा गप. भावजी, ठेसनावर मशीन हाय न्हवं?"

असे स्टेशन ठरले. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघे बावड्याहून पायी जात असू. वाट पाऊण तासाची. चालावे, असे माझ्या लेखात होते, म्हणून ती रिक्षाला किंवा बसला तयार होत नसे. मशीनवर चढण्याआधी ती चपला काढायची, हातातली पिशवी माझ्याकडे द्यायची आणि मंगळसूत्र पदराखाली घ्यायची, जसे काही त्याने वजन लपणार होते. नाणे टाकले की दिवे फिरायचे, खट् आवाज व्हायचा आणि तिकीट पडायचे. भविष्य ती वाचायची, वजन मी.

पहिले तीन महिने कष्टाचे गेले. तिने भात सोडला, तीन भाकऱ्यांच्या दोन केल्या, चहातली साखर अर्ध्यावर आणली. अडुसष्ट, सदुसष्ट, सहासष्ट. महिन्याला एक किलो. भुकेने ती चिडचिडी झाली. दादा म्हणे, "अर्धा रवा उतरवायला वरीस जाईल. तवर मी उपाशी मरतो. हिला खायचं न्हाय म्हणून मलाबी वाढत न्हाय."

मग श्रावण लागला आणि वजन आपण होऊन उतरू लागले.

आता मागे वळून पाहिले की सगळे ओळीने दिसते. त्या वेळी सुटे सुटे दिसत होते. तिची भूक परतली, नुसती परतली नाही तर वाढली. दोन भाकऱ्यांच्या चार झाल्या. "चालून चालून भूक लागती," ती म्हणायची, आणि ते पटण्यासारखे होते. अक्षय्य तृतीयेला घेतलेली तांब्याची नवी कळशी स्वयंपाकघरात होती. पूर्वी ती दिवसभर पुरायची. बाहेर पाऊस, हवा गार, आणि कळशी दुपारपर्यंत रिकामी व्हायची. मोरीत मुंग्या लागल्या. पण तोलाईदाराच्या घरात मुंग्या कधी नव्हत्या? दादाच्या धोतराला, बंडीला, सायकलच्या मुठींना गूळ लागलेला असे. वहिनी त्याच्यावरच ओरडायची, "कपडे भायेर झटकून येत जावा. मोरीत रांग लागलीय बघा." दादा मुकाट्याने बंडी बाहेर झटकायचा.

शेजारी ब्लाउज शिवणाऱ्या एक मुसलमान बाई राहत. वहिनीला त्या अक्का म्हणत. दिवाळीच्या आधी वहिनी तिसऱ्यांदा त्यांच्याकडे ब्लाउज आत घ्यायला गेली.

"अक्का, आता आत घ्यायला जागाच उरली न्हाय. नवीन शिवा. का अजून कमी होनार हाय?"

"भावजींच्या तक्त्यात अजून पाच किलो हाईत."

"मलाबी द्या की तो तक्ता. माझ्या सूनबाईला पायजे." मग त्यांनी तिच्या खांद्याला हात लावून पाहिला. "पर चेहरा उतरलाय वो. झोप लागत न्हाय काय?"

"रात्रीचं उठावं लागतंय सारखं. पानी जास्त होतंय पोटात."

हे संभाषण मी पडवीत वर्तमानपत्र वाचत असताना ऐकले. दुसऱ्याच्या घरातले असते, तर मी कदाचित मान वर केली असती.

दिवाळीनंतर गुळाचा हंगाम सुरू झाला. एका संध्याकाळी दादा बाजारातून आला, हातपाय धुतले आणि जेवायला बसला. वहिनी चुलीपुढे होती. तो बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत होता. मग मला म्हणाला, "किती भरलं गेल्या खेपेला?"

"एकोणसाठ."

"म्हंजे नऊ किलो गेलं."

"तक्त्यात यायला अजून पाच जायला पाहिजेत."

"ते न्हाय इचारत. गेलं कुठं?"

"म्हणजे?"

"वजन असंच जात न्हाय. थप्पीतला रवा ठेवल्या जागी हलका झाला, की आमी तो बाजूला काढतो. खालचं पोतं बघतो. कुठंतरी पाघळत आस्तोय. हिनं भाकरी कमी केली तवा किलो-किलोनं उतरलं, ते मला पटलं. आता चार-चार खाती आणि दोन-दोन किलो उतरालंय. ह्याचा मेळ लागंना मला."

"दादा, माणूस म्हणजे गूळ नव्हे."

वहिनी हसत म्हणाली, "इतकी वरसं रवा म्हणून हिणवलं. आता कमी झालो तर रवा पाघळला म्हणालेत. कसं बी असलं तरी ह्यांना खोटच दिसणार."

दादा हसला नाही. "तुझ्या पेपरात काय लिवलंय? वजन आपआप उतरलं तर काय करायचं?"

"पेपरात तसं काही नाही."

"बघ एकदा नीट."

"मीच लिहिलाय, दादा."

"मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि त्याने भाकरी मोडली.

त्या वाक्याबद्दल मला काही लिहायला हवे. "पेपरात तसं काही नाही" हे अक्षरशः खरे होते. पेपरात नव्हते. ते माझ्या खणात होते, घडी केलेल्या प्रुफावर, माझ्याच भाषेत. त्या चार ओळी मी विसरलो असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. मी विसरलो नव्हतो. दादाने प्रश्न विचारला तेव्हा "विलंब न करता" हे शब्द मला आठवले, आणि त्याच वेळी असेही वाटले की आजारी माणूस असा दिसत नाही. आजारी माणूस झोपून असतो. ही रोज चार भाकऱ्या खात होती आणि स्टेशनपर्यंत चालत होती.

दुसरे कारण सांगायला अधिक अवघड आहे. त्याच सुमारास मी पुरवणीसाठी एक मजकूर मनात जुळवत होतो. तक्ता छापल्यापासून काही महिन्यांत एका सामान्य गृहिणीने आपले वजन कसे प्रमाणात आणले, असा. वजन चोपन्नवर आले की लिहायचा होता. शेवटचे पाच किलो बाकी होते. त्या पाच किलोंची मी वाट बघत होतो.

पौषात तिकिटावर चोपन्न आले. वहिनी मशीनवरून उतरली ती काठाला धरून. "डोळ्यांपुढं अंधारी आली जरा," ती म्हणाली. मग तिकीट माझ्याकडे दिले. "आलो का वो तक्त्यात?"

"आलात."

ती फलाटावरच्या बाकावर बसली. तिने नळाचे पाणी तीन पेले प्यायले. मी तिला विचारले की लेखात काय लिहू. ती म्हणाली, "लिवा की, जोतिबाचा डोंगूर न बसता चढणार म्हणून."

मजकूर पुढच्या रविवारी आला. नाव नव्हते, "बावड्यातील एक भगिनी" एवढेच. वाचकांची पत्रे आली, त्यातली काही तिला वाचून दाखवली. दादाने तो अंक बाजारात नेला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "अडत्यानं वाचून दावला सगळ्यांस्नी." तो खूश होता. पेपरात आले होते, म्हणजे ठीकच असणार, असे त्याने मानले होते. रोज संध्याकाळी बोट फिरवत वर्तमानपत्र वाचणारा माणूस होता तो. छापलेल्या ओळीवर त्याचा काट्याइतकाच भरवसा होता.

माघात तिच्या जुन्या चपला गेल्या म्हणून नवीन घेतल्या. आमच्याकडच्या नव्या चपला चावतात, हे सगळ्यांना माहीत असते. तेल लावून चार दिवस घरात वापरायच्या आणि मग बाहेर. तिने तेल लावले, पण पहिला रविवार आला म्हणून तशाच घालून निघाली. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी चावली. परतताना रक्त होते. तिकिटावर बावन्न होते.

तीन आठवडे जखम भरली नाही. हळद झाली, पाला झाला. दुखत नव्हती, हे सगळ्यांना चांगले लक्षण वाटले. एके दिवशी सकाळी मोरीतून येताना ती खाली बसली आणि उठली नाही. दादाने तिला उचलले. रिक्षात बसल्यावर तो मला म्हणाला, "हातात काय वजनच न्हाय रे."

दवाखान्यात जखम बघताच डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली. मधुमेह होता, आणि खूप वाढलेला. इस्पितळात हलवायला सांगितले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारले, "वजन कधीपासून उतरतंय?"

मी खिशातून तिकिटे काढली. ती माझ्या पाकिटातच असायची. त्यांनी ती टेबलावर पत्त्यांसारखी ओळीने मांडली, महिना आणि आकडा बघत. मग माझ्याकडे बघितले.

"इतकी चोख नोंद मी कुठल्या पेशंटची बघितली नाही. दाखवायला का आणलं नाही?"

मी सांगितले की वजन तक्त्यात बसत होते.

"कुठल्या तक्त्यात?"

मी सांगितले. त्यांनी पुरवणी वाचली नव्हती. तिकिटे गोळा करून त्यांनी मला परत दिली. "दोन-तीन महिने आधी आला असता तर पाय वाचला असता," ते म्हणाले. रागाने नव्हे. वेळापत्रक सांगावे तसे.

आधी अंगठा काढला. बारा दिवसांनी अर्धे पाऊल. वहिनी शुद्धीवर आल्यावर दादाला म्हणाली, "आता मोजा. पावणेदोन रवं बी न्हाय भरायची." दादा उठून बाहेर गेला.

ती घरी आली. रोज सकाळी इन्शुलिनचे इंजेक्शन असे. काचेची सिरिंज उकळायची, सुई बसवायची. ते काम मी शिकून घेतले आणि पुढे वर्षानुवर्षे मीच केले. ती भाकरी बसून थापायला लागली. काठी घेऊन पडवीपर्यंत चालायची. जोतिबाला ती पुन्हा गेली नाही. बावड्यातल्या बायका समाचाराला येत, तेव्हा दादा प्रत्येकीला एकच गोष्ट सांगे: "मला शंका आल्ती. मी इचारलं बी हुतं ह्याला. पर पेपरात न्हवतं ते. पेपरात आस्तं तर दुसऱ्या दिवशी न्हेलं आस्तं की हिला." हे तो मला बोल लावण्यासाठी म्हणत नसे. स्वतःला माफ करण्यासाठी म्हणत असे. मी तिथेच बसलेला असे.

पुरवणीत दुरुस्ती आली नाही. दुरुस्ती चुकीची येते, आणि छापलेल्यात चूक नव्हती. गाळलेल्या ओळींबद्दल मी संपादकांना सांगितलेही नाही. ज्या वाचकांनी तो तक्ता कापून फडताळाला लावला असेल, त्यांचे काय झाले ते मला माहीत नाही.

बारा-तेरा वर्षे गेली. ऐंशीचे दशक संपत आले होते. कचेरीत खिळे जाऊन नवी यंत्रे आली. पुरवणी आता माझ्याच ताब्यात होती. त्या सुमारास वजनाचे एक सूत्र परदेशी नियतकालिकांत वरचेवर दिसू लागले. वजन किलोंत घ्यायचे, त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. येईल तो आकडा वीस ते पंचवीसच्या दरम्यान असला तर बरा, पंचवीसच्या वर गेला तर वजन जास्त, तीसच्या वर तर धोका. हाडापेराचे रकाने नकोत, बाई-पुरुषाचे वेगळे तक्ते नकोत. एक भागाकार पुरे.

मी घरी तिकिटे काढली आणि भागाकार केले. वहिनीची उंची एक मीटर बावन्न. तिचा वर्ग दोन पूर्णांक एकतीस. अडुसष्टला साडेएकोणतीसच्या जवळ आकडा येतो: वजन जास्त. बावन्नला साडेबावीस येतो. वीस आणि पंचवीसच्या अगदी मधोमध. ज्या महिन्यात तिच्या रक्तात साखर मावत नव्हती, त्या महिन्यात नवे सूत्रही तिला पूर्ण निरोगी म्हणाले असते.

मी जुन्या कागदांतून ते प्रूफ शोधून काढले. दादा बाहेर गेला होता. वहिनी पडवीत गहू निवडत बसली होती. मी तिला चार ओळी वाचून दाखवल्या आणि त्या कशा गेल्या तेही सांगितले. दादाने विचारले तेव्हा त्या मला ठाऊक होत्या, हेही सांगितले.

तिने सूप खाली ठेवले. "परत वाचा."

मी परत वाचल्या. "तहान आणि भूक" या शब्दांपाशी तिने मान हलवली, ओळखीच्या गावाचे नाव ऐकल्यासारखी.

"मग का काढल्या?"

"जागा नव्हती. जाहिरात आली."

"कसली?"

"भांड्यांच्या दुकानाची. अक्षय्य तृतीयेची."

"ती व्हय," वहिनी म्हणाली. "ती बघूनच न्हवं का आपण कळशी आणली."

मी तिच्या रागाची वाट बघत होतो, आणि तो आला असता तर मला बरे वाटले असते. ती म्हणाली, "भावजी, ह्यांना हे सांगू नका."

"सांगायला पाहिजे, वहिनी."

"कुणाला पायजे? तुम्हाला. ह्यांना न्हाय. पेपरात न्हवतं म्हणून ते झोपत्यात. तुम्ही सांगितलं तर तुमची जाग ह्यांना देऊन ह्यांची झोप तुम्ही घेणार." तिने सूप उचलले. "तो कागूद ठेवून द्या."

पुढच्या महिन्यात मी त्या सूत्रावर लेख लिहिला. चार ओळींची टीप या वेळी वर घेतली, शीर्षकाखाली, जाड टायपात, सूत्राच्याही आधी. त्या पानावरची जाहिरात मी दुसऱ्या पानावर हलवली.

रविवारी सकाळी दादा पडवीत चष्मा लावून बोट फिरवत वाचत होता. बाजारातला त्याचा एक जुना सोबती चहाला आला होता. टीप संपल्यावर दादाने बोट तिथेच ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून, आता मोठ्याने, वाचली. मग पाहुण्याला म्हणाला, "बघा पावणं. मी हेच म्हणत हुतो त्या वेळेला. वजन असंच जात न्हाय. आता आलंय बघा पेपरात."

"आता आलंय, खरं हाय," पाहुणा म्हणाला. "त्या वक्ताला कुठं ठावं हुतं कुणाला."

"तेच की." दादा माझ्याकडे वळला. "त्या वेळेला ठाऊकच न्हवतं. व्हय ना रे? तुला तरी ठाऊक हुतं काय?"

वहिनी दारात काठीला टेकून उभी होती. तिच्या हातात पाहुण्यासाठी पाण्याचा तांब्या होता. ती माझ्याकडे बघत होती.

"नव्हतं," मी म्हणालो.